चकाकलेली रायफल आणि माझी चुकलेली बातमी

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

परवा रात्री आपल्या नाक्यावरच्या एका ग्रुपवर एक फोटो आला. बंदोबस्तावरचा जवान, खांद्याला एसएलआर रायफल. रायफलीचा काळा रंग ठिकठिकाणी उडालेला, कडा पांढऱ्याफटक चमकतायत, लाकडी दस्त्यावर ओरखडे. खाली मजकूर : 'बघा, ह्या भंगारावर आपली सुरक्षा.' सकाळपर्यंत तो फोटो पाच-सहा ग्रुपवर फिरला. वाशीमकडच्या एका मित्रानेही मलाच पाठवला, आणि एकाने तर थेट लिहिलं, 'पत्रकार साहेब, हे छापा ना. का हप्ता मिळतो?'

हप्ता मिळत नाही. मिळत असता तर घराचा स्लॅब पडला असता एव्हाना. पण ही बातमी मी छापणार नाही, कारण ती मी एकदा छापलेली आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये, माझ्या नावानिशी, फोटोसकट. ती चुकीची होती. सोळा-सतरा वर्षं झाली, तरी तिचं कात्रण मी फाईलमध्ये ठेवलंय.

तेव्हाचं वातावरण आठवा. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. सीएसटीच्या फलाटावर एके-४७ घेतलेले दोघे आणि समोर आपले पोलीस. कोणाकडे काठी, कोणाकडे जुनी थ्री-नॉट-थ्री. वर्षभर सगळ्या पेपरांत पोलिसांच्या शस्त्रांवर लिहून येत होतं. राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली होती, तिच्या अहवालावरून विधिमंडळात गदारोळ चालू होता. मी डिप्लोमा करून नुकताच तालुक्याचा वार्ताहर झालेलो. विधानसभेची निवडणूक लागली, १३ ऑक्टोबरला मतदान. आपला नाका म्हणजे मराठवाड्याची वेस, पुढे विदर्भ, त्यामुळे निवडणुकीत इथे तपासणीचा बंदोबस्त लागतोच. डेस्कवरून फोन आला, 'तुमच्याकडे फोर्स आलाय ना? त्यांच्या बंदुका कशा आहेत ते बघा. फोटो पाहिजे.'

मी गेलो. झाडाखाली तीन-चार जवान बसले होते, एकाची रायफल मांडीवर आडवी. मी चहा पाजला, गप्पा मारल्या, आणि तो उठला तेव्हा दोन फोटो काढले. मला दिसलं ते असं : धातूच्या कडांचा रंग गेलेला, बाजूला पितळेसारखे पिवळे डाग पडलेले, लाकडाला एका ठिकाणी दुरुस्ती केलेली. मी ठरवून टाकलं. 'झिजलेल्या रायफलींवर निवडणुकीची मदार.' आत लिहिलं, रायफलींचे भाग झिजून लोखंड उघडं पडलंय, ऐनवेळी त्या चालतील का हा प्रश्न आहे. शिवाय मी थ्री-नॉट-थ्री आणि एसएलआर यांची एकाच वाक्यात भेसळ केली होती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. डेस्कवर तर नाहीच.

बातमी गाजली. चौकात लोकांनी हात मिळवला. चौथ्या दिवशी कळलं की फोटोतल्या त्या जवानाला वरून लेखी विचारणा झालीय. शस्त्राची निगा का राखली नाही, आणि पत्रकाराला फोटो का काढू दिला, दोन्हीचा खुलासा द्यायचा. पोरगं पंचविशीतलं असेल. माझा चहा त्याला चांगलाच महागात पडला.

हे मला सांगितलं आमच्या जमादार काकांनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पोलीस दलात शस्त्रांच्या दुरुस्तीचं काम त्यांनी केलं, आर्मरर म्हणून, निवृत्तीपर्यंत. गावात जमादार म्हणूनच ओळख. पेपर बगलेत मारून ते आमच्या अंगणात आले आणि बाजेवर बसले.

"हा फोटो तूच काढला का रे?"

"हो काका."

"बंदूक हातात घेतली होती?"

"हातात कशी देतील?"

"मंग झिजली हे काहून लिहिलंस?"

मी म्हणालो, दिसतंच की. रंग उडालाय, आतलं लोखंड चमकतंय. काकांनी गोठ्याच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे वखर टेकवलेला होता, आठवड्यापूर्वीच रान वखरून आणलेला.

"त्याची पास कशी दिसायली?"

"चकचकीत."

"मंग ती भंगारात देऊ का? आन् तिकडं कोपऱ्यात ती पाभर पाहाय. तीन साल झाले कोणी हात लावला नाही तिला. ती काळी हाय, तांबडी हाय. ती चांगली का?"

मी गप्प. आमच्या आईनेच आतून सांगितलं, "जमादार, त्याला शेतातलं काही कळत नाही."

त्या दिवशी काका तासभर बोलले, आणि पुढे जानेवारीत मला घेऊन गेले. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन, त्या आठवड्यात शाळेच्या पोरांसाठी शस्त्रांचं प्रदर्शन मांडतात. हिरव्या कापडाच्या टेबलावर एसएलआर सुटी करून ठेवली होती. टेबलामागचा आर्मरर काकांच्या हाताखाली शिकलेला निघाला. पोरांची गर्दी सरल्यावर त्याने आम्हाला एकेक भाग नीट दाखवला. मी वहीत लिहून घेतलं. ती वही आत्ता समोर आहे.

आधी ही रायफल काय आहे ते. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीचा, आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनली. १९६२ ला चीनच्या युद्धात आपल्या सैनिकांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती, त्यानंतर ही आली. १९७१ च्या लढाईत हीच. पुढे सैन्याने इन्सास घेतली आणि एसएलआर पोलीस, राखीव दलं यांच्याकडे उतरत आली. ७.६२ मिलिमीटरची गोळी, मॅगझिनमध्ये २० राऊंड, वजन चार किलोच्या वर. आपल्या हिंगोलीत राज्य राखीव दलाचा १२ नंबरचा गट आहे, त्यामुळे भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना ही नावं पाठ असतात. मलाच नव्हती.

थ्री-नॉट-थ्रीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. एसएलआरमध्ये तसं नाही. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप चढते. गोळीच्या मागच्या वायूतला थोडा वायू नळीच्या वरच्या छिद्रातून पिस्टनवर येतो, पिस्टन मागे धडकतो, तो कॅरिअरला ढकलतो, कॅरिअर ब्रीच ब्लॉकला उचलून कुलूप उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, दस्त्यातली स्प्रिंग सगळं परत पुढे लोटते आणि येताना नवीन काडतूस घेऊन येते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे दर गोळीला लोखंडावर लोखंड घासतं आणि लोखंडावर लोखंड आदळतं. असल्या यंत्रात झीज दिसली नाही तर त्याचा अर्थ ती रायफल कधी चाललेलीच नाही.

काकांचा पहिला धडा हाच होता. घासणं वेगळं आणि मार बसणं वेगळं. दोन्हीला आपण झीजच म्हणतो, तिथे गडबड होते.

घासण्याचं सोपं आहे. कॅरिअर ज्या दोन कडांवर सरकतो, तिथला काळा मुलामा जातो आणि पांढरी रेघ उमटते. ती रेघ सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारखी असेल तर काही चिंता नाही. नव्या रायफलीत पहिल्या काही शे राऊंडांत ही चकाकी भराभर येते, कारण दोन भाग एकमेकांवर बसत असतात. मग ती थांबते. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या तेलात लोखंडाची भुकटी निघते, आपण काय शोरूमवाल्याच्या अंगावर धावून जातो का? तसंच हे. एकदा बसली की वर्षानुवर्षं तेवढीच राहते. उलट दर वेळी तपासताना रेघ रुंद होत असेल, कड नखाला टोचत असेल, किंवा एकाच बाजूला चकाकी असेल, तर तिथे थांबायचं. एकाच बाजूची चकाकी म्हणजे काहीतरी तिरकं बसतंय.

आणि माझ्या फोटोतले ते पिवळे डाग? मी त्याला गंज की काय समजलो होतो. ते पितळ होतं. पुंगळी बाहेर पडताना तिथे घासते, आदळते, आणि तिचं पितळ लोखंडाला लागतं. टेबलामागचा आर्मरर हसत म्हणाला, "साहेब, हे डाग म्हणजे ती व्यवस्थित पुंगळी फेकते याची पावती आहे." माझ्या बातमीतला सगळ्यात भक्कम पुरावा रायफल चालते हेच सांगत होता.

लाकडाची दुरुस्ती? लाकूड आहे ते. ट्रकमध्ये आपटतं, पावसात भिजतं. भेग मागे धक्का बसणाऱ्या जागी गेलेली नाही ना एवढं बघतात.

आता मार बसण्याचं. हे बघायला डोळा पुरत नाही. पिस्टनचं डोकं जळून निळसर-काळं होतं, ते चालतं. पण पिस्टन वाकला असेल, नळीतून स्वतःच्या वजनाने सरकत नसेल, तर तो बाद. ब्रीच ब्लॉकच्या कडेला धातू पसरून मशरूमच्या टोपीसारखा झाला, की समजायचं रायफल स्वतःलाच जास्त मार देतेय. बऱ्याचदा दोष त्या भागात नसतोच. वायूचं प्रमाण ठरवणारी एक छोटी आकड्यांची कडी असते, गॅस रेग्युलेटर. ती गरजेपेक्षा जास्त बंद ठेवली तर जादा वायू पिस्टनवर येतो आणि सगळा ऐवज दणादणा आदळतो. काका म्हणाले, पुंगळी कुठे पडते ते बघूनच अर्धं कळतं. फार लांब उडायली तर वायू जास्त, पायाशी पडायली तर कमी.

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळीला पकडून ओढणारं नख. त्याची धार गोल झाली किंवा टवका उडाला तर पुंगळी आत अडकते आणि ऐनवेळी हातात चार किलोची काठी उरते. फायरिंग पिनचं टोक गुळगुळीत गोल हवं. त्याला खड्डे पडले की ते काडतुसाच्या टोपीला भोक पाडतं आणि गरम वायू मागे येतो. स्प्रिंगचं तर बघून कळतच नाही, नवी स्प्रिंग शेजारी उभी करून उंची ताडायची. मॅगझिनचे ओठ, म्हणजे ज्या दोन कडांनी काडतूस धरलेलं असतं, ते जरा जरी फाकले की राऊंड वाकडा चढतो. काकांचं मत असं की अडकणाऱ्या रायफलींत निम्म्या वेळा रायफल निर्दोष असते आणि दोष मॅगझिनचा निघतो. आणि मॅगझिनकडे कोणी बघत नाही, कारण त्याच्यावर फोटोत काही दिसत नाही.

बारीक तडे शोधायची त्यांची जुनी रीत मला फार आवडली. भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, मग कोरडा पुसायचा आणि त्यावर खडू घासायचा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. तडा दिसला की चर्चा नाही, भाग बदलायचा. चकाकी वर्षभर चालेल, तडा एक दिवसही नाही.

सगळ्यात महत्त्वाची झीज तर बाहेरून दिसतच नाही. ब्रीच ब्लॉक मागे ज्या पोलादी तुकड्याला टेकतो त्याला लॉकिंग शोल्डर म्हणतात. हजारो धक्के खाऊन ही टेकायची जागा केसभर दबते आणि काडतुसाच्या मागे फट वाढते. ती मोजायला दोन गेज असतात. एक घातलं तर ब्लॉक बंद झालाच पाहिजे, दुसरं घातलं तर बंद होता कामा नये. दुसऱ्यावरही बंद झाला, तर फट जास्त. मग थोडा जाड शोल्डर बसवायचा, ते तुकडे वेगवेगळ्या मापात मिळतात. इथे कोणाचं मत विचारत नाहीत. बंद झाला की नाही, एवढंच. मला तेव्हा वाटून गेलं, बातमीलाही असं एक गेज असतं तर.

नळीतून बघायलाही त्याने दिलं. उजेडाकडे धरून आत पाहिलं तर पिळाच्या रेषा लखलखीत. तो म्हणाला, आत कुठे काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगलीय असं समजायचं. मग पुढचं टोक दाखवून विचारलं, "इथे काय झिजवतं, सांगा?" मी म्हणालो, गोळी. काका हसायला लागले.

"गोळी नाही रे बाबा. दोरी."

नळी साफ करायला दोरीला चिंधी बांधून आरपार ओढतात. इंग्रजीत पुल-थ्रू, कोतात सगळे फुलतरू म्हणतात. दोरी सरळ ओढली तर ठीक. घाईत तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाला एकाच जागी घासते. सुताची दोरी, पण रोज घासली तर दगडालाही खाच पडते, विहिरीच्या काठावर बघा. धूळ लागलेली दोरी तर कानसच. नळीच्या तोंडाची ती कड बिघडली की गोळी शेवटच्या क्षणी एका बाजूला ढकलली जाते आणि नेम चुकतो. म्हणजे एखादी रायफल कमी गोळ्या आणि जास्त सफाई यानेही बाद होऊ शकते.

आणि इथे काकांनी मला जे सांगितलं त्याने खरंच लाज वाटली. तुझ्यासारख्यांची बातमी आली की वरचे अधिकारी येतात आणि रायफल 'दिसते कशी' ते बघतात. मग पोरं पॉलिश पेपर घेऊन बसतात. डाग घालवायचे म्हणून घासतात. जो मुलामा पाऊस-घामापासून लोखंड वाचवतो तो उरलासुरला पण जातो, मापात असलेला भाग मापाबाहेर जातो. जी झीज नव्हती ती तयार होते. त्यांनी स्वतः असे भाग बदललेत म्हणे, गोळी न झाडता पॉलिश पेपरने संपवलेले.

मी त्यांना विचारलं, मग मी लिहायला काय पाहिजे होतं? पोलिसांचं सगळं छान चाललंय असं?

"तसं म्या कुठं म्हटलं?" काका म्हणाले. "त्या पोराला विचारायचं होतं ना, बाबा, शेवटचा राऊंड कधी मारलास?"

हे मी विचारलं नव्हतं. झाडाखाली अर्धा तास बसलो, निवडणूक, पगार, जेवण, लग्न सगळं विचारलं, हा प्रश्न सोडून. प्रधान समितीच्या अहवालातला बोचरा भाग हाच होता. शस्त्रं जुनी होती हे खरं, पण सरावासाठी काडतुसांचा तुटवडा होता आणि त्यामुळे गोळीबाराचा नियमित सराव होत नव्हता, हेही त्यात होतं. आपण सगळ्यांनी जुन्या बंदुकीचा फोटो उचलला कारण तो काढता येतो. न झालेल्या सरावाचा फोटो कसा काढणार? चांदमारीच्या मैदानावर वाढलेलं गवत काढता येईल फार तर.

थ्री-नॉट-थ्रीला उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निरोप दिला, समारंभ करून. शंभर वर्षांहून जुना आराखडा. जायलाच हवी होती. जुनं ते सोनं म्हणून मी काही हे लिहीत नाहीये. दर गोळीला हाताने बोल्ट ओढायला लावणारी बंदूक एके-४७ समोर उभी करणं हा शुद्ध अन्याय होता. पण नवीन रायफल आली म्हणजे काम संपलं असंही नाही. इन्सास नवीकोरी असतानाच कारगिलच्या थंडीत अडकल्याच्या आणि मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्या रायफली चकाकत नव्हत्या, मुलामा जागच्या जागी होता.

माझ्या बातमीचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी खुलासा छापा म्हणून डेस्कच्या मागे लागलो. आतल्या पानावर, खाली, दोन ओळी आल्या : 'तांत्रिक माहितीअभावी'. मूळ बातमी चार कॉलम होती. दोन ओळींचं कात्रण घेऊन मी आणि काका त्या जवानाच्या वरिष्ठांना भेटलो. काकांनी रायफल मागून घेतली, उघडली, कडांवरून अंगठा फिरवला, गेज लावलं आणि म्हणाले, "काही झालं नाही हिला." प्रकरण मिटलं. जवान बाहेर उभा होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या साहेब." आणि मग, "पण तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." मला ते वाक्य खुलाशाच्या नोटिशीपेक्षा जड गेलं.

मग मी विचारला, उशिराने, काकांचा प्रश्न. त्याचं उत्तर इथे लिहीत नाही. त्याने मला विश्वासाने सांगितलं होतं आणि एकदा त्याला माझ्यामुळे त्रास झालेला आहे.

आता परवाच्या फोटोकडे येतो. मी तो मोठा करून पाहिला. कॅरिअरच्या कडेला पांढरी रेघ आहे, सरळ आहे. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीमागे पितळेचे डाग आहेत. दस्त्यावर ओरखडे आहेत. एवढंच दिसतं. यावरून ती रायफल चांगली आहे असंही मी म्हणणार नाही, कारण मॅगझिन दिसत नाही, पिनचं टोक दिसत नाही, फट किती ते दिसत नाही. फोटोवरून ती भंगार आहे म्हणणारा आणि उत्तम आहे म्हणणारा, दोघेही २००९ मधला मी आहेत.

ज्याने फोटो टाकलाय तो पोरगा मला माहीत आहे. भला आहे, स्वतः भरतीची तयारी करतोय, पहाटे वाशीम रोडला पळताना दिसतो. त्याच्यावर कोणी तुटून पडू नका. त्याची काळजी खरी आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय. पण एक करा, तो फोटो पुढे पाठवू नका, त्यात जवानाचा चेहरा स्पष्ट दिसतोय.

प्रश्न विचारायचेत ना, ते विचारू. मी पुढच्या पत्रकार परिषदेत हे तीन विचारणार आहे : बंदोबस्तावर पाठवल्या जाणाऱ्या जवानांना वर्षाला माणशी किती राऊंडांचा सराव मिळतो. रायफलींची गेज लावून तपासणी शेवटची कधी झाली. आणि आर्मररची मंजूर पदं किती, भरलेली किती. आकडे गोपनीय म्हणून नाकारले तर तेही इथेच लिहीन. तुम्हाला चौथा प्रश्न सुचत असेल तर कमेंटमध्ये टाका, फक्त 'हप्ता' सोडून.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. ऐकू कमी येतं, हात मात्र अजून स्थिर. काल त्यांना मोबाईलवर तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्याजवळ धरला आणि विचारलं, "मागचा स्लिंगचा हूक असा काहून लोंबायला? स्क्रू ढिला हाय त्याचा. सांग त्या पोराला, आवळून घे म्हणावं."

मी परत पाहिला. खरंच ढिला होता. दोनशे कमेंटांमध्ये कोणालाच दिसला नव्हता, मलाही नाही. आज सकाळी बंदोबस्तावर जाऊन त्या जवानाला सांगितलं. त्याने बघितलं, हसला, खिशातून नाणं काढलं आणि तिथेच आवळला.